दहा बोटांचा कागद

“हिचा कागद माझ्याकडं राहू दे,” फौजदार म्हणाले, आणि सगळा हॉल हसला.

साठ-सत्तर पोरं होती. सातवीच्या दोन्ही तुकड्या सतरंजीवर बसवलेल्या. मी पुढं उभी होते, दोन्ही हात समोर धरून. दहाही बोटं काळी. फौजदारांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या वरच्या खिशात सरकवली आणि खिशाचं बटण लावलं. आमच्या बाईही हसल्या. तोंडावर पदर धरून हसल्या, पण मला दिसलं.

हडपसरची कॉर्पोरेशनची शाळा. त्या दिवशी पोलीस आले होते, मुलांना सुरक्षा आणि कायदा शिकवायला. एक फौजदार आणि एक महिला शिपाई. या शिपाई मॅडम कमी बोलत होत्या, फौजदारच जास्त. रस्ता कसा ओलांडायचा, अनोळखी माणसानं काही दिलं तर घ्यायचं नाही, कुणी नको तिथं हात लावला तर ओरडायचं, घरी सांगायचं. मग कायदा. चौकीत आलेल्या माणसाची तक्रार पोलिसांना घ्यावीच लागते. लेखी दिली तर पोच मागायची. लहान मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. अंधार पडल्यावर बाईमाणसाला चौकीत बोलवायचं नाही.

मी सगळं वहीत उतरवून घेत होते. एकही शब्द सुटू नये असं वाटत होतं. खरं सांगते, मला आवडत होतं. आमच्या वस्तीवर पोलीस यायचे ते लाथ मारून पाल पाडायला. समोर उभं राहून, नीट समजावून सांगणारा पोलीस मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, हे वेगळे आहेत.

मग त्यांनी शाईचं पॅड काढलं. “आता गंमत,” म्हणाले. “चोर कसा सापडतो ते दाखवतो. तुम्ही हात लावलेली प्रत्येक वस्तू बोलते. कुणी हात लावला ते सांगते.” एकेकाला बोलावून अंगठा उठवायचा, कागद ज्याचा त्याला देऊन टाकायचा. पोरं खूश. घरी दाखवायला मिळणार म्हणून कागद फुंकून वाळवत होती.

माझा नंबर आला. मी अंगठा पुढं केला.

“राहतेस कुठं?”

“कालव्यापलीकडं.”

“कालव्यापलीकडं म्हणजे कुठं?”

मागून कुणीतरी ओरडलं, “सर, पारध्यांच्या वस्तीत!”

“असं होय!” फौजदारांनी माझा अंगठा सोडला आणि अख्खा पंजा धरला. “मग एका अंगठ्यावर कसं भागायचं? दहाही घेऊन ठेवू. पुढं शोधायचा त्रास नको.”

एकेक बोट त्यांनी स्वतः दाबलं. डावीकडून उजवीकडं फिरवून. पॅडवर, मग कागदावर. खाली माझं नाव, इयत्ता, वस्ती लिहिली. बाकीच्यांच्या कागदावर नाव नव्हतं. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मी जागेवर येऊन बसले तेव्हा शेजारच्या वृषालीनं तिचा कंपास उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

घरी आले तर आई भंगार निवडत बसली होती. घरात आम्ही आमचीच बोली बोलायचो, इथं मराठीत लिहितेय. माझी बोटं बघितली आणि आईच्या हातातली पत्र्याची पट्टी खाली पडली.

“कुणी केलं?”

“शाळेत. पोलिसांनी. सगळ्यांचं केलं.”

“सगळ्यांचं दहा?”

मी मान हलवली. नाही.

“कागद कुठं?”

“त्यांच्या खिशात.”

आईनं मला ओढत चुलीपाशी नेलं. राख घेतली. राखेनं जाईना म्हणून चिमणीतलं रॉकेल ओतलं. घासत राहिली. खडकवासल्याचं पाणी आमच्या वस्तीवरून कालव्यातनं वाहत जायचं, ते बादलीनं आणून ओतत राहिली. शाई गेली, कातडं सोललं, तरी घासत होती. मी रडत होते. ती रडत नव्हती. तिचा चेहरा असा झाला होता की मला दुखण्यापेक्षा त्या चेहऱ्याचीच भीती वाटली.

बा गुलाबाच्या नर्सरीत कामाला होता. दिवस मावळताना तो घरी आला. आईनं त्याला सांगितलं. तो शिव्या देईल असं मला वाटलं होतं. त्यानं शिवी दिली नाही. तो खाली बसला, नुसता.

बाचेही ठसे घेतले होते, तो पोरगा असताना. कुणाच्या तरी कोंबड्या गेल्या म्हणून धरला. कोंबड्या नंतर मालकाच्याच भावकीत सापडल्या, पण बाचा कागद राहिला तो राहिला. त्यानंतर हडपसरला कुठं घरफोडी झाली की आधी बाला न्यायचे. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, काट्यानं झालं असेल, गुलाबाच्या. तसं नव्हतं.

“पोरीचं पण घेतलं,” एवढंच तो म्हणाला. पुन्हा पुन्हा. “पोरीचं पण घेतलं.”

पुढचे दिवस मी कशाला हात लावला नाही. हे सांगताना आज कुणाला हसू येईल. मला येत नाही. प्रत्येक वस्तू बोलते, असं ते म्हणाले होते. मग मी वर्गाचं दार कोपरानं ढकलायची. बाकावर हात टेकायची नाही. पेन रुमालात धरून लिहायची. तहान लागली तरी शाळेच्या नळाची चावी फिरवायची नाही. एकदा बसमध्ये दांडा धरला नाही, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि मी तोंडावर पडले. ओठ फाटला. कंडक्टर म्हणाला, “अगं, धरायला काय झालं?” काय सांगणार?

झोपेत मला तो कागद दिसायचा. खिशाच्या आत. बटण लावलेला.

तीन आठवडे असे गेले. मग एका सोमवारी शाळेतला माइक सापडेना. प्रार्थनेचा माइक, हॉलच्या कपाटात असायचा. बाई वर्गात आल्या आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

“शनिवारी हॉल झाडायला कोण होतं?”

आम्ही चौघी होतो. चौघींचीही नावं फळ्यावर अजून तशीच होती. उभी मला एकटीला केलं.

“कपाटाला हात लावलास?”

लावला होता. झाडताना सरकवलं होतं. विसरून हात लावला होता. मी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

“नसेल सांगायचं तर राहू दे,” बाई म्हणाल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या. “फौजदारसाहेबांना कळवू. त्यांच्याकडं आहेच की तुझा कागद. आपल्याला कशाला त्रास?”

मी दप्तर उचललं आणि पळाले. बाजारातून, रिक्षांच्या मधून. पाठीमागं जीप येतेय असंच वाटत होतं.

बा त्या दिवशी घरी होता. त्यानं ऐकलं आणि उठला. पालाचे दोर सोडायला लागला. “चला,” म्हणाला. “श्रीगोंद्याला, बहिणीकडं. आत्ताच.” आईनं भांडी पोत्यात भरायला घेतली. दोघंही भराभरा आवरत होते, जणू रोजचंच काम. आणि होतंच. माझ्या जन्माच्या आधीपासून ते असंच आवरत आले होते. मी जन्मले तीही अशाच एका वाटेत.

मी उभी राहून बघत होते. वाटलं, आपण गेलो की माइक आपणच नेला असं होणार. मग श्रीगोंद्याला कागद येणार. तिथून कुठं जाणार? आणि शाळा? सातवी?

“मी येत नाही,” मी म्हणाले.

बानं दोर हातातच धरून माझ्याकडं बघितलं.

“मी चौकीत जाते. कागद मागते.”

“चौकीत?” बा म्हणाला. “आपल्या पायानं?”

त्याला ते कळेचना. आपल्या पायानं चौकीत जाणारं माणूस आमच्यात कुणी बघितलंच नव्हतं. तो मला मारायला धावला. मारलं नाही. हात वर गेला आणि तिथंच राहिला. त्याला भीती वाटत होती, मला कळत होतं. शेवटी आई उठली. पदर खोचला. “मी जाते हिच्यासंग,” म्हणाली. “तू आलास तर तुलाच ठेवून घेतील.”

दुपार होती. चौकीत फौजदार चहा पीत बसले होते. मॅडम कोपऱ्यातल्या टेबलावर काहीतरी लिहीत होत्या. आई दारातच खाली बसली, सवयीनं. मी आत गेले.

“काय गं, हजेरी द्यायला आलीस?” फौजदार म्हणाले.

“माझा कागद द्या.”

“कुठला कागद?”

“दहा बोटांचा.”

“तो होय.” चहाचा घोट घेतला. “गेला असेल धुण्यात.”

“मग तसं लिहून द्या.”

त्यांनी कप खाली ठेवला. उठले. टेबलाला वळसा घालून माझ्या पुढ्यात आले. खूप उंच होते. पट्ट्याचं बक्कल माझ्या डोळ्यांसमोर होतं. “काय म्हणालीस?”

तेव्हा माझ्या पायावरून गरम ओघळ खाली गेला. चौकीच्या फरशीवर. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. परकर चिकटला, चपलेत ओल गेली. त्यांनी खाली बघितलं आणि हसले. मॅडमनीही बघितलं. वाटलं, पळावं. दार मागंच होतं. आई बघत होती. तिनं मला बोलावलं नाही. ती उठून आत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. त्या ओलीतच पाय ठेवून.

मी दप्तरातून वही काढली. एकेक पान उलटत गेले. पान सापडलं. वाचून दाखवलं. “चौकीत आलेल्या माणसाची तक्रार पोलिसांना घ्यावीच लागते. लेखी दिली तर पोच मागायची.” आवाज फाटत होता. तरी शेवटपर्यंत वाचलं. “तुम्हीच सांगितलंत.”

“ते शाळेतल्या मुलांना सांगायचं असतं,” फौजदार म्हणाले.

“मी शाळेतलीच आहे.”

ते माझ्या पुढ्यातून बाजूला झाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. मॅडमचं पेन थांबलं होतं.

मी तिथंच बाकड्यावर बसून वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला. माझे दहा बोटांचे ठसे शाळेत घेतले, मला विचारलं नाही, बाकीच्यांचे कागद परत दिले, माझा दिला नाही, तो परत द्यावा. माइक मी घेतलेला नाही. खाली सही केली. आई अंगठा उठवायला पुढं आली, तो मी उठवू दिला नाही. “नको,” म्हणाले, “माझी एकटीची पुरे.”

फौजदारांनी अर्जाला हात लावला नाही. टोपी घातली आणि राउंडला निघून गेले. आम्ही बसून राहिलो. ऊन दारातून सरकत भिंतीवर गेलं. माझा परकर अंगावरच वाळला. आई मधेच कुजबुजली, “चल आता.” मी नाही म्हणाले. अंधार पडायला आला तेव्हा मॅडम उठल्या. अर्ज ओढून घेतला, वाचला. दुसऱ्या कागदावर तोच मजकूर भराभर उतरवला, त्यावर शिक्का मारला, तारीख घातली आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडं बघितलं नाही.

“जा,” म्हणाल्या. “आणि मी दिली म्हणून सांगू नकोस.”

त्यांना माझी दया आली की लाज वाटली, मला माहीत नाही. आभार मी मानले नाहीत. माझ्या हक्काची पोच होती.

बा पालाच्या दारात बसला होता. दोर पुन्हा बांधलेले होते, सैलसर. जायचं का राहायचं ते त्याचं ठरलं नव्हतं. मी त्याला शिक्का दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं त्यावरून वाकडी बोटं फिरवली आणि उठून दोर आवळले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. चार दिवसांनी माइक आला. मुख्याध्यापकांच्या ओळखीच्या मंडळानं कार्यक्रमाला नेला होता, सांगायचं राहून गेलं म्हणे. बाई वर्गात एवढंच म्हणाल्या, “सापडला बरं का.” आणि भूगोल काढायला सांगितला. माझं नाव कुणी घेतलं नाही. चोर ठरवताना घेतलं होतं.

कागद मला मिळाला नाही. आजपर्यंत नाही. खरंच धुण्यात गेला, की कुठल्या फायलीत आहे, कुणाच्या टेबलाच्या खणात आहे, मला माहीत नाही. आता मी दोन लेकरांची आई आहे, तरी हडपसरला चोरी झाल्याची बातमी वाचली की आधी त्या दिवशी मी कुठं होते ते आठवून बघते. पोलिसांची गाडी शेजारून गेली की मी अजून हात पदराखाली घेते.

पूर्वी वाटायचं, भीती गेली की मी बोलेन. ती जात नाही. आमच्या रक्तात ती आमच्या पणज्यांपासून आहे, कुणीतरी पद्धतशीर घातलेली. म्हणून ती जायची वाट बघणं मी सोडून दिलं. वस्तीतल्या कुणालाही चौकीतून बोलावणं आलं की आता मी सोबत जाते. भीत भीतच जाते. कशासाठी बोलावलं ते लेखी मागते. नाही म्हणाले तर तिथंच बसते. ओरडले तरी बसते, हसले तरी बसते. आमचं माणूस आत एकटं जाणार नाही. आणि त्याला बरोबर घेतल्याशिवाय मी बाहेर येणार नाही.