पाहुण्यांच्या उजव्या हाताची खुर्ची

माझा डावा कान गेला तेव्हा मी दोष मोबाईलला दिला. सकाळी उठून फोन कानाला लावला तर पलीकडे काहीच नाही. दोनदा बंद करून चालू केला, पदराने पुसला. शेवटी नवऱ्याने तो घेतला आणि माझ्या बहिणीशी दहा मिनिटं आरामात गप्पा मारल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस गेली आहे, परत यायची नाही. मग धीर द्यायला म्हणाले, "दूसरा तो है ना." जणू मी देवळाबाहेर हरवलेल्या चपलेची तक्रार घेऊन गेले होते.

घरात काही अडत नाही. शांत खोलीत एका कानाने सगळं ऐकू येतं, न ऐकावं तेसुद्धा. म्हणून माझं बहिरेपण सोयीपुरतं आहे असं नवऱ्याचं ठाम मत आहे. पण गोंगाटात गेलं की समोरच्याचे शब्द, गाड्यांचे हॉर्न आणि शेजारच्या टेबलावरचे चमचे एकाच पातेल्यात पडतात, आणि त्यातून शब्द तेवढे वेचणं मला जमत नाही. शिवाय आवाज कुठून आला ते कळत नाही. सरोजिनी नगरच्या बाजारात कुणी हाक मारली की मी जागच्या जागी एक गिरकी घेते, तेवढ्यात तीन दुकानदार माझ्यापुढे कुर्ते पसरतात.

अशा वेळी मी "बिल्कुल" म्हणते. दिल्लीतल्या सरकारी नोकरीने मला जे काही दिलं, त्यात हा शब्द सगळ्यात टिकाऊ निघाला. समोरच्याचं न ऐकता बिल्कुल म्हणायची आमच्या कचेरीत जुनीच रीत असल्यामुळे, मला ऐकू येत नाही हे निवृत्तीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. निवृत्तीनंतर मी आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष झाले. ज्या सभेत झाले तिथले पंखे फार आवाज करत होते, एवढंच सांगते.

मंडळाकडे मिरवण्यासारखं खूप होतं. उपयोगाची एकच गोष्ट होती, एका सरकारी वसाहतीतली लांबट खोली. तिथे परभणी, नंदुरबार, सांगोला अशा ठिकाणांहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली पंचवीसेक मुलंमुली दिवसभर अभ्यास करत. त्यांच्या भाड्याच्या खोल्या एवढ्याशा, की पुस्तक उघडायचं तर पाय दुमडावे लागत. डिसेंबरात नोटीस आली, जानेवारीअखेर खोली रिकामी करा. परीक्षा उन्हाळ्यात. ज्या साहेबांच्या सहीवर सगळं अवलंबून होतं, ते तीन आठवडे मीटिंगमध्येच होते. आमचा अर्ज फाईलमध्ये होता आणि फाईल कुठे होती ते फाईललाच ठाऊक.

तेवढ्यात आमच्या सचिवांनी त्याच साहेबांना पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावरच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे म्हणून गाठलं. अर्जाला तीन आठवडे उत्तर न देणारा माणूस फेटा आणि शाल म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हो म्हणाला. कार्यक्रम संपताच ते निघणार होते. म्हणजे बोलायचं ते व्यासपीठावरच, भाषणं चालू असताना. तसंही त्या वेळी भाषणांकडे कुणाचं लक्ष नसतं.

अडचण खुर्चीची होती. पाहुणे मध्ये, अध्यक्ष त्यांच्या उजव्या हाताला, सचिव डाव्या हाताला. म्हणजे पाहुणे नेमके माझ्या मेलेल्या कानाशी. मी सचिवांना म्हटलं, आपण जागा बदलू. त्यांना माझ्या कानाचं माहीत होतं, वाईटही वाटत होतं. पण ते म्हणाले, "वहिनी, तिकडे बसलात तर फोटोत तुम्ही सचिव वाटाल." यावर माझी हरकत नव्हती. त्यांची होती, कारण मग ते अध्यक्ष वाटले असते आणि ते नियमात बसत नव्हतं.

जानेवारीच्या धुक्यात आमच्या दोन बस पानिपतला पोचल्या. एवढ्या मोठ्या पराभवाला इतक्या थाटाने वंदन करणारे लोक आपल्यासारखे आपणच. ढोल होते, ताशे होते, आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाला फेटा बांधायला खास माणूस होता. त्याने माझा चांगला कान फेट्याच्या दोन पदरांखाली व्यवस्थित दाबून टाकला. मी तो मोकळा केला. त्याने पुन्हा दाबला, म्हणाला, शोभत नाही.

चढण्याआधी परभणीची मुलगी आली. खोलीची किल्ली तिच्याकडे असे आणि तिची ही शेवटची संधी होती. ती म्हणाली, "काकू, विचाराल ना? नाही म्हणाले तरी सांगा. मग मी गावी जाऊनच वाचीन." गावी घरात नऊ माणसं आणि एक टीव्ही, हे तिने मागे कधीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या वक्त्याने युद्धाला हात घातला तेव्हा मी पर्समधून अर्जाची प्रत काढून साहेबांपुढे धरली आणि परीक्षेपर्यंत खोली राहू द्यावी असं थोडक्यात सांगितलं. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि माझ्याकडे झुकून काहीतरी बोलले. नेमके त्याच वेळी खाली ढोल सुरू झाले.

मी म्हटलं, "जी?"

ते पुन्हा बोलले. मी मान पूर्ण वळवून उजवा कान पुढे केला, तर माझ्या फेट्याचा तुरा त्यांच्या चष्म्याला लागला. पुन्हा जी म्हटलं. ते तिसऱ्यांदा बोलले. मोठ्या माणसाला चौथ्यांदा बोलायला लावता येत नाही.

"बिल्कुल," मी म्हणाले.

बोलताना त्यांची मान हलत होती हे मी पाहिलं होतं. पण त्यांचा फेटा सैल बांधलेला होता आणि तो पडू नये म्हणून त्यांची मान सकाळपासूनच हलत होती. त्यावरून हो की नाही हे ठरवणं कुणालाच शक्य नव्हतं. ती मुलगी तिसऱ्या रांगेतून भुवया उंचावून मला विचारत होती. मी मान हलवली. कानाच्या ओढाताणीत फेटा माझाही सैल झाला होता.

मग अध्यक्षीय समारोपासाठी माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकपुढे उभी राहिले तेव्हा आदल्या रात्री लिहिलेलं भाषण हातात होतं, त्यात इतिहास होता, भावी पिढी होती. ते मी घडी केलं. मला उत्तर माहीत नव्हतं. पण माईक माझ्या हातात होता, आणि त्या गोंगाटात कुणालाही नक्की ऐकू जाईल असा तेवढाच एक आवाज होता. साहेबांना कळावं म्हणून मी हिंदीत म्हणाले, "परीक्षा तक कमरा बच्चों के पास रहेगा. इसके लिए मैं साहब की बहुत आभारी हूँ."

मुलांनी एवढा गलका केला की तो मला दोन्ही कानांनी ऐकू आल्यासारखा वाटला. मी हळूच वळून पाहिलं. साहेब हसत होते. एक हात फेट्यावर होता, दुसरा उंचावून ते टाळ्या स्वीकारत होते. फोटोवाल्याने त्यांना दोन वेळा हात वर करायला लावला.

परतताना गाडीपर्यंत ते माझ्या डाव्या बाजूनेच चालले. दार उघडताना त्यांनी एक वाक्य उच्चारलं, चेहरा गंभीर होता. मी बिल्कुल म्हटलं. ते चमकले, मग त्यांनी हात जोडले.

बसमध्ये ती मुलगी माझ्या उजवीकडे येऊन बसली. "काकू, ते नक्की काय म्हणाले?"

तिला मी खरं ते सांगितलं. ती माझ्याकडे पुरती वळली. मग म्हणाली, "म्हणजे ते नाही म्हणाले असतील तर?"

"तर त्यांनी ते आता माईकवर सांगायला हवं," मी म्हणाले.

दहा दिवसांनी पत्र आलं. परीक्षेपर्यंत परवानगी होती. खाली दुसरा परिच्छेद होता: कार्यक्रमस्थळी आपण स्वतः मान्य केल्यानुसार, खोली रोज उघडणं, बंद करणं आणि तिथली शिस्त राखणं ही जबाबदारी व्यक्तिशः आपली राहील. नवरा ते मोठ्याने वाचून खूप वेळ हसला. गाडीपाशी मी कशाला बिल्कुल म्हटलं होतं ते आता कळलं; व्यासपीठावरचं पहिलं बिल्कुल कशाला म्हटलं होतं ते मात्र मला आजही माहीत नाही. मी विचारलेलंही नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी द्वारकेहून दोन मेट्रो बदलून खोली उघडायला जाते. मेट्रोत कुणी काही विचारलं तर काय उत्तर देते ते सांगायला नको. पण खोलीचं दार लावलं की पंचवीस माणसं असूनही पानं उलटल्याचा आवाज येतो, कोपऱ्यात कोण पेन्सिल चावतंय ते कळतं, आणि परभणीची मुलगी एखादं उत्तर पुटपुटत पाठ करताना चुकली तर मी तिला माझ्या खुर्चीवरून सांगू शकते.