टाळी न वाजवणारे

माझा मोठा भाऊ डोंबिवलीत सायकेडेलिक रॉक वाजवायचा. ऐंशीच्या दशकात, शेजारी भजनी मंडळ आणि समोर हार्मोनियमचा क्लास असताना. एकेक गाणं इतकं लांब की तेवढ्यात भात होऊन गारही व्हायचा. पण त्याच्या बँडला भक्त होते. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत तालीम असली की ही पोरं डोळे मिटून जमिनीवर बसायची आणि शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत हलायची नाहीत. टाळी वाजवायची नाही, हा तिथला नियम. एका नवख्याने वाजवली तेव्हा दादाने गिटार खाली ठेवली होती.

मग ठाण्यातल्या एका हॉलमध्ये स्पर्धा ठरली. जिंकणाऱ्यांची कॅसेट निघणार होती. बाबा आंबिवलीला कारखान्यात होते आणि तिथे त्यांनी दादासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते म्हणाले, "जिंकलास तर वर्षभर वाजव, मी अवाक्षर काढणार नाही. नाहीतर सोमवारपासून माझ्याबरोबर." दादा हो म्हणाला. मला मात्र त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही.

हॉलमध्ये निवेदकाने जाहीर केलं की निकाल प्रेक्षकांच्या टाळ्यांवर लागेल. मी भक्तांच्या रांगेत जाऊन म्हटलं, "अरे, आज तरी वाजवा रे. नाहीतर दादा गेला आंबिवलीला."

"तू टेन्शन नको घेऊ," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "सूर पूर्ण संपू दे, मग बघू."

मला ते संगीत कधी फारसं कळलं नाही, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. शेवटचा सूर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घुमत राहिला. गाणं संपलं की नाही हे बाकीच्या प्रेक्षकांना कळेना, म्हणून ते या पोरांकडे बघत होते. पोरांचे डोळे मिटलेले. निवेदक माइक घेऊन आला, थांबला, इकडेतिकडे बघू लागला.

भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं मला. मी उभी राहिले आणि तळहात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या. म्होरक्याने माझं मनगट धरलं.

"शूऽ. अजून ऐकू येतंय."

निवेदकाने पुढच्या बँडला बोलावलं.

बाहेर पोरं दादाच्या पाया पडत होती. एक तर रडत होता. दादाचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. त्याने मला बाजूला घेतलं.

"एवढा मोठा हॉल, आणि सगळे गप्प होते. ती एकटी टाळी कोणाची होती गं?"

"माझी."

घर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. सोमवारी आईने दोन डबे भरले, बाबांचा आणि त्याचा.