अण्णांनी इंजिनाला लावलेला कॉफी फिल्टर

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, सरकारी इंजिनियर होते. सिव्हिल. सगळी नोकरी गटारं आणि पाण्याच्या लाइनी यांत गेली, आणि ते काम त्यांनी चोख केलं. पण ‘इंजिनियर’ या शब्दात ‘इंजिन’ येतं, एवढ्या एका आधारावर निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या डिझेल गाडीची तब्येत आपल्या ताब्यात घेतली. गाडीला कोणी विचारलं नाही.

गाडी तेरा वर्षांची, आठ माणसं बसणारी. घरात माणसं तीन: अण्णा, आई आणि मी. बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत ती उभी केली की तिचं नाक थेट शेजारच्या अक्कांच्या फाटकापर्यंत जायचं. अक्का रोज सकाळी फाटकासमोर रांगोळी काढतात, आणि एके दिवशी त्या रांगोळीतल्या कमळाच्या बरोबर मधोमध काळ्या ऑईलचा रुपयाएवढा डाग पडला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी अक्का आमच्या दारात.

“सार, तुमच्या गाडीला लंगोट बांधा,” त्या म्हणाल्या.

अण्णांना हे फार लागलं. त्यांच्या हयातीत त्यांच्या देखरेखीखालची कुठलीही वस्तू गळली नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. आईचं म्हणणं वेगळं होतं, पण ती स्वयंपाकघरातूनच “हं” म्हणाली.

गाडी येलहंक्याला एका मेस्त्रीकडे नेली. आमच्या घरापासून येलहंका म्हणजे शहराचं दुसरं टोक. ट्रॅफिकमध्ये दीड तास. आईही आली, कारण तिला त्या बाजूची एक नर्सरी बघायची होती. मेस्त्री साठीचे, बारीक, अजिबात आवाज न करता हसणारे. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं, मी आमच्या घरच्या मराठीत सांगते. त्यांनी इंजिन चालू ठेवूनच ऑईल भरायचं झाकण काढलं. आतून भक्‌ भक्‌ करत धूर बाहेर यायला लागला.

“बघा सार. ढेकर देतंय.”

मग त्यांनी समजावलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली ऑईलच्या टाकीत उतरतो. तो कोंडून राहिला तर सील फाडून बाहेर पडेल, म्हणून त्याला बाहेर जायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ही नळी तो वायू परत इंजिनाच्या हवेच्या वाटेवर नेऊन सोडते. वायूबरोबर ऑईलचे बारीक थेंबही जातात. स्वल्प गेले तर हरकत नाही. आमच्या गाडीचे मात्र इतके जात होते की नळीच्या जोडातून पाझरून अक्कांच्या कमळात पडत होते.

“रिंगांचं काम कधीतरी करावं लागेल. तोवर मधे एक डबा बसवू. ऑईल डब्यात साचेल, नुसती हवा पुढे जाईल. पण डबा वेळेवर रिकामा करायचा, सार. भरून वाहिला तर इंजिन तेच ऑईल पिऊन पळत सुटतं. डिझेलची गरजच उरत नाही. चावी काढा, काहीही करा, थांबत नाही.”

“मग काय करायचं?” हे आईने विचारलं. अण्णा त्या वेळी नळीचा व्यास मोजून वहीत आकृती काढत होते.

“ब्रेक गच्च दाबायचा, टॉप गियर टाकायचा, क्लच झटक्यात सोडायचा. दम कोंडून मरतं. ते जमलं नाही तर लांब पळायचं. बॉनेट उघडून आत हात घालायचा नाही.”

आईने मान हलवली. अण्णांनी वही मिटली आणि जाहीर केलं की डबा ते स्वतः घरी बनवतील. मेस्त्री म्हणाले, “सरी,” म्हणजे ठीक आहे, आणि आवाज न करता हसले.

पुढचा आठवडाभर घरात ड्रिल चालू होतं. मी घरून काम करते, त्यामुळे ऑफिसच्या प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्या मागे कोणीतरी दात काढून घेतंय असा आवाज यायचा. शुक्रवारी कळलं की डबा म्हणजे आमचा स्टीलचा मोठा कॉफी फिल्टर. लग्नात आलेला, वीस माणसांची कॉफी उतरवणारा. वरच्या भांड्याला खाली भोकं असतातच, त्यावर भांडी घासायची तारेची घासणी ठेवली की धूर गाळला जाईल आणि ऑईल खालच्या भांड्यात ठिबकेल, असा हिशोब. खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. माझं डोकं तिथपर्यंतही गेलं नसतं.

“अहो, तो माझा फिल्टर आहे,” आई म्हणाली.

“होता,” अण्णा म्हणाले.

फिल्टर बॉनेटखाली बसला. सांधे बुजवले, क्लिपा आवळल्या. आणि तो चालला! रस्ता कोरडा झाला. अक्कांनी मोर काढला, मोर स्वच्छ राहिला. दर रविवारी अण्णा फिल्टर उघडायचे आणि आत साचलेलं काळं पाणचट ऑईल बाटलीत ओतून आम्हाला उजेडात धरून दाखवायचे. मी नाश्ता करत असताना दाखवायचे. “हे सगळं इंजिनाच्या पोटात जात होतं,” असं ते इतक्या अभिमानाने म्हणायचे, की ते त्यांनीच गाळलेलं अमृत आहे असं वाटावं.

मग पुण्याहून पाहुणे आले आणि तीन आठवडे राहिले. आमच्या मराठीतले कन्नड शब्द मोजणं हा त्यांचा मुख्य उद्योग. अण्णांना दर रविवारी कुठे ना कुठे त्यांना घेऊन फिरावं लागलं. फिल्टर कोणी उघडला नाही.

पाहुणे गेल्यानंतरच्या रविवारी मल्लेश्वरमला आत्याच्या नातवाची मुंज होती. सकाळी आठला आम्ही तिघं नटून बाहेर पडलो. आईने जांभळी रेशमी साडी नेसलेली, अण्णा जरीच्या धोतरात. अण्णांनी गाडी चालू केली. मी मागे बसले, आई कुलूप लावत होती. गाडी दोन हात मागे घेतली असेल-नसेल, तोच इंजिनाचा आवाज आपोआप चढायला लागला.

“अण्णा, पाय काढा ना.”

“पाय ठेवलाच नाहीये मी!”

आवाज चढतच राहिला. पूर्ण गाडी थरथरायला लागली, मागून पांढरा-निळा धूर इतका सुटला की गल्लीचं दुसरं टोक दिसेना. अण्णांनी चावी फिरवली. काही नाही. त्यांनी चावी काढली आणि इंजिनाला दाखवली. खरंच दाखवली, समोर धरून, पोलीस कार्ड दाखवतो तशी. इंजिनाने ओळख दिली नाही.

मी दार उघडून बाहेर उडी मारली. अण्णाही उतरले आणि धोतर सावरत बॉनेटकडे धावले. बॉनेटची कडी त्यांच्या हातात होती, तेवढ्यात आई धुरातून आली, त्यांच्या दंडाला धरून तिने त्यांना बाजूला ढकललं आणि ओरडली, “हात लावाल तर बघा!” आईला अण्णांवर असं ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग ती ड्रायव्हरच्या जागेवर चढली. साडीचा काष्टा मारल्यासारखं करून, चप्पल फेकून. आईला गाडी येते, ही गोष्ट आम्ही सगळे विसरलो होतो. लग्नाआधीच ती चालवायला शिकली होती. अण्णा शेजारी बसून सतत सूचना देतात म्हणून पंधरा वर्षांपूर्वी तिने सोडून दिलं. तिने हँडब्रेक ओढला, दोन्ही पाय दाबले, गियर खटकन पाचव्यात टाकला आणि क्लच सोडला.

गाडीने एक हिसका खाल्ला, पुढे सरकली, अक्कांच्या फाटकाचा एक खांब वाकवला आणि मेली. एकदम शांतता. कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं, ते तेवढं ऐकू यायला लागलं.

अक्का धुरातून बाहेर आल्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, धोतरातल्या अण्णांकडे पाहिलं, स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पाणी आईला दिलं. अण्णांना विचारलंसुद्धा नाही.

मुंजीला आम्ही ऑटोने गेलो. तिघांच्याही अंगाला जळक्या ऑईलचा वास. आत्याने विचारलं, गाडी कुठे? अण्णा म्हणाले, “तिला स्वल्प अजीर्ण झालंय,” आणि जेवणाच्या पंक्तीत नेहमीसारखं कोणालाही काहीही समजावलं नाही. आत्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, बीपी वगैरे ठीक आहे ना?

सोमवारी मेस्त्री स्वतः आले. बॉनेट उघडलं आणि कॉफी फिल्टरसमोर बराच वेळ हात जोडल्यासारखे उभे राहिले.

“सार, बाहेर जायची नळी तळाशी कोणी काढली?”

“मी,” अण्णा म्हणाले. “बाहेर जायची वाट खालीच असते.”

“पाण्याची, सार. हवेची वर.”

तेव्हा मला उलगडा झाला. अण्णांनी गटार बांधलं होतं. दर रविवारी उपसा होत होता तोवर ऑईल नळीच्या तोंडाच्या खाली राहत होतं. तीन आठवडे साचलं, गाडी मागे घेताना हिंदकळलं, आणि सगळंच्या सगळं इंजिनाच्या घशात गेलं. शिवाय तारेच्या घासणीचे तुकडे निम्म्या नळीत अडकले होते. आणखी आठवडाभराने इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोत गेले असते, मेस्त्री म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःलाही हसू आलं नसतं.

इंजिन वाचलं. मेस्त्रींनी सगळ्या नळ्या धुतल्या, रिंगांचं काम केलं, नवा ब्रीदर बसवला, आणि तयार डबा लावला, ज्याची बाहेर जायची नळी वर आहे. अक्कांचा खांब अण्णांनी उभं राहून सरळ करवून घेतला. ते काम सिव्हिल होतं, उत्तम झालं.

त्या आठवड्यात एकदा भाजी निवडताना मी आईला विचारलं, भीती नाही वाटली?

“वाटली की. पण गाडीची नाही,” ती म्हणाली. “ह्यांनी बॉनेट उघडून आत हात घातला असता. ह्यांचा स्वभाव मला माहीत आहे. गळती दिसली की हात घालतात.” मग थोडा वेळ शेंगा मोडत राहिली. “चाळीस वर्षं घालतायत.”

गाडी आणायला येलहंक्याला आम्ही तिघं गेलो. परत येताना आईने चावी हातात घेतली आणि अण्णा मुकाट्याने डावीकडे जाऊन बसले. हेब्बाळच्या उड्डाणपुलापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. पुलाच्या चढावर मात्र त्यांना राहवलं नाही.

“अगं, चौथा टाक.”

आईने तिसराच ठेवला. अण्णांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.