टोपणभर पाणी

माझी लेक डायलिसिसवर आहे आणि तिचं हृदय वाढलंय. ते मशीनवर मोजणाऱ्या डॉक्टरांचं नाव मला अजून ठाऊक नाही. डायलिसिसआधी गेलो की ते सरळ परत पाठवतात. "अंगात पाणी साचून राह्यलंय, आत्ता हृदय फुगलेलंच दिसंल. डायलिसिस झाल्यावर आणा, मंग बराबर कळंल." वडीगोद्रीहून एवढ्या लांब आलेल्या माणसाला राग येणारच.

लेकीला पाणी मोजूनच मिळतं, म्हणून हे डॉक्टरसाहेब स्वतः पाणी प्यायला बाटली घेऊन पडद्यामागे जातात. घटाघटा आवाज मात्र बाहेर येतो आणि लेक हसते.

काल तपासणी झाल्यावर मी विचारलं, "हृदयाचं फुगणं कमी झालं का, साहेब?"

साहेबांनी हसून होकारार्थी मान हलवली. टोपणात पाणी ओतून त्यांनी लेकीला दिलं. मग पहिल्यांदाच तिच्यासमोर बाटली तोंडाला लावली.