कानामागचा ठिपका

दीपमालाच्या धाकट्या भावाचं, सुगतचं, लग्न दोन दिवसांवर आलं होतं. घरात पाहुणे जमले होते. अशात तिच्या आईनं, कौशल्याबाईंनी, केसांना काळी मेहंदी लावली. त्यात नवीन काही नव्हतं. बाळापुरातल्या त्याच दुकानातली, हिरव्या पानाचं चित्र असलेली तीच पुडी त्या कित्येक वर्षं आणत होत्या. संध्याकाळी डोकं खाजायला लागलं. सकाळी कपाळ सुजलं, आणि दुपारपर्यंत दोन्ही डोळे सुजेनं बंद झाले.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं होतं?"

"मेहंदी जी. हर्बलवाली," दीपमाला म्हणाली.

"त्यात काय काय होतं?"

तिनं पिशवीतून रिकामी पुडी काढली. पुढून पाहिली, मागून पाहिली. पान होतं, लांब केसांची एक बाई होती आणि मोठ्या अक्षरांत 'हर्बल' होतं. आत काय घातलंय ते नव्हतं. कोणी बनवली, कुठं बनवली, परवाना कोणता, कधीपर्यंत वापरायची, यातलं एक अक्षर नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या पानानं इतका काळा रंग इतक्या लवकर येत नाही. यात पीपीडी नावाचं रसायन असणार. वापरायला बंदी नाही त्याला, पण दर वेळेस आधी थोडंसं कातडीवर लावून पाहावं लागतं. वर्षानुवर्षं सोसलेलंही एखाद्या दिवशी उलटतं. ही सूचना पाकिटावर छापणं कायद्यानं सक्तीचं आहे."

सुगतचं लग्न ठरल्या दिवशी लागलं. कौशल्याबाईंची नवी पांढरी साडी घरी घडीतच राहिली. दवाखान्याच्या खाटेवर पडून, सुजलेल्या कानाला मोबाइल लावून, त्यांनी पोराच्या लग्नातलं त्रिशरण-पंचशील ऐकलं आणि ओठातल्या ओठात सोबत म्हटलं. दीपमाला शेजारी बसून होती. तिनं त्या दिवशी आईचे डोळे पुसले, तेव्हा पापण्यांच्या फटीतून पाणी येत होतं. ते सुजेचं की रडण्याचं, हे तिला कळलं नाही.

आई घरी आल्यावर ती बाळापूरच्या दुकानात गेली. दुकानदार भला माणूस होता, त्याला खरंच वाईट वाटलं. पण माल कुणाचा ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "एक जण मोटरसायकलवर खोकं आणून देते, बाई. कुठचा हाये, मले काय मालूम?"

म्हणजे जाब विचारायला माणूसच नव्हता. दीपमालाला सर्वात जास्त लागलं ते हेच.

ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली होती. अकोल्यातल्या एका तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत सरकीचं तेल तपासायची. घरच्यांना वाटलं, आता ही मेहंदीचं नाव काढणार नाही. झालं उलटंच. तिनं नोकरी सोडली, एमआयडीसीत एक गाळा घेतला, आणि सौंदर्यप्रसाधनं बनवण्याच्या परवान्यामागं लागली.

सुगत चिडला. "ज्यानं मायचं तोंड सुजलं, तेच तू बनवून राह्यली?"

"लोकं काळी मेहंदी लावाचं सोडणार हायेत का? नाई सोडणार," ती म्हणाली. "मंग निदान एक तरी पाकीट असं पायजे, ज्याच्यावर खरं लिवलं असन."

परवाना मिळायला वर्षाच्या वर लागलं. तपासणीत एकदा गाळ्याची फरशी नापास झाली, ती उखडून पुन्हा घातली. मग पाकिटाची वेळ आली. जठारपेठेत देवमन नावाचे जुने छापखानेवाले आहेत. दीपमालानं त्यांच्यापुढं मजकूर ठेवला: सर्व घटक, जास्तीकडून कमीकडे. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बॅच, परवाना, मुदत. इथवर ठीक होतं. पण सावधगिरीची सूचना इतर जण मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत घालतात, ती तिला समोर हवी होती, मराठीत, नावाच्या खालोखाल: 'दर वेळी आधी कानामागं थोडं लावा. एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. भुवया-पापण्यांना कधीच लावू नका, डोळे जाऊ शकतात.'

देवमन चष्मा वर करून म्हणाले, "बाई, हे तं फवारणीच्या औषधाच्या डब्यावानी दिसून राह्यलं. घेईन कोन?"

"छापा तुमी, काका."

घेणारे खरंच कमी निघाले. दुकानदार पाकीट हातात घेऊन वाचत आणि परत ठेवत. चंदनसेठ नावाच्या ठोक व्यापाऱ्यानं मात्र रंग पाहिला आणि तो खूश झाला. सगळ्या जिल्ह्यात माल घालतो म्हणाला. अट एकच: सूचना मागं न्यायची, बारीक करायची, आणि पुढं 'हर्बल' टाकायचं.

"मागं टाकली तरी कायद्यात बसते, ताई. मी काय गैर सांगून राह्यलो?"

"सूचना कायद्यात बसन," दीपमाला म्हणाली, "पन वाचनाऱ्याच्या डोयात नाई बसनार. आन् हर्बल तं हे नाईच."

चंदनसेठ गेला. त्या आठवड्यात ती स्वतः पिशवी घेऊन एसटीनं अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर फिरली. सलूनवाल्यांना समोर बसवून सांगत गेली. काही हसले. अकोटच्या बंडू सलूनवाल्यानं मात्र थोडी पाकिटं ठेवून घेतली.

आणि एका सकाळी अकोटचे खुशालराव नावाचे शेतकरी पाकिटावरचा पत्ता विचारत विचारत गाळ्यावर येऊन धडकले. मुलीचं, आकांक्षाचं, लग्न तोंडावर होतं. माणूस तापलेला होता.

"कोन हाये मालक? तुमची मेहंदी नासकी हाये! हे पाहा!" त्यांनी कान पुढं ओढून दाखवला. मागं लालभडक गांधी उठली होती.

दीपमालानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "डोक्याले लावली का?"

"नाई ना! पाकिटावर लिवलं हाये नं, आंधी कानामांगं लावा. आकांक्षानं वाचलं, आन् लावूच नाई देली. म्हने उद्यापावतर थांबा."

दीपमाला खाली स्टुलावर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. पाकिटं बांधत असलेल्या कौशल्याबाई उठून आल्या. त्यांचे केस आता पांढरेशुभ्र होते. त्यांनी खुशालरावांच्या कानामागं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमी वाचले."

मग त्यांनी स्वतःवर काय गुदरलं ते सांगितलं. खुशालरावांचा आवाज उतरला. पाणी प्यायले. थोड्या वेळानं मिशीवर हात फिरवत म्हणाले, "म्हंजे पोरीच्या लग्नात मी अशा पांढऱ्या मिशीनंच उभा राहू?"

"उभे राहान ना!" कौशल्याबाई म्हणाल्या. "मी तं पोराच्या लग्नात उभीच नाई राह्यली."

दीपमालानं पाकीट परत घेतलं आणि पुन्हा कुठलाही काळा रंग लावू नका, डॉक्टरांनाही ही गोष्ट सांगून ठेवा, असं बजावलं. दारापर्यंत पोचवायला गेली तेव्हा खुशालराव थांबून म्हणाले, "पत्ता होता म्हून भांडाले तरी आलो, बाई."

आकांक्षाच्या लग्नात पांढऱ्या मिशीची गोष्ट अर्ध्या अकोटानं ऐकली. सांगणारे स्वतः खुशालरावच होते. त्यानंतर बंडूचा फोन आला. माल तर हवाच होता, पण त्याची आणखी एक मागणी होती.

"ताई, माह्याकडं येनाऱ्या अर्ध्या म्हाताऱ्याईले वाचता येत नाई. चित्र टाका ना. कान काढा आन् मांगं ठिपका."

हे दीपमालाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती तशीच उठून जठारपेठेत गेली. देवमनकाकांनी या वेळी काही कुरकुर केली नाही. कागद ओढला, पेन्सिलीनं एक कान काढला, मग खोडून मोठा काढला.

अकोटात बंडूकडं आता शनिवारी लोक कानामागं ठिपका लावून घ्यायला येतात आणि रविवारी डोकं रंगवायला. कधी कुणी लालसर कान घेऊन पाकीट परत करतं. दीपमाला ते गाळ्यातल्या फळीवर नीट मांडून ठेवते. कुणी नवा व्यापारी आला, तर आधी ती फळी दाखवते आणि मान ताठ करून सांगते, "हे आमच्या पाकिटाचं काम."