अर्धी टाकी

बकरीवाले काका नुसते खुर्चीत बसले असले तरी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढं काढलेली असायची. चहाचा कप उजव्या हातात, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर, आणि त्यातली दोन बोटं सरळ. मला आधी वाटलं, संधिवात असणार. मी आपला शहाणपणा करून मोकळी झाले, "काका, कोमट तिळाचं तेल चोळत जा त्यावर." तर एवढे हसले की चहा सांडला धोतरावर.

"सांगलीकर, हा आजार नाही, ही आदत आहे. टू-स्ट्रोकवाल्याची दोन बोटं कायम क्लचवर पाहिजेत. इंजिन कधी जाम होईल, भरोसा नाही. जाम झालं की मागचं चाक अडकतं आणि माणूस सीधा आडवा. त्याच्या आधी क्लच दाबायचा. टाइम मिळतो एवढाच." आणि त्यांनी चुटकी वाजवली.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा छत्रीबागेतली त्यांची वरची खोली भाड्यानं घेतली. इंदुरात माझं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. काका सरकारी तंत्रशाळेत फिटरचं काम शिकवून निवृत्त झालेले, मुलगी शलाकाताई पुण्याला. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटी त्यांना विस्मरणाचा आजार झाला होता. आधी आमटीत मीठ विसरल्या, मग घरचा रस्ता, मग काकांना. काका एकदाच बोलले त्याबद्दल. "शेवटी मला म्हणायची, भिया, आप कौन? मी म्हणायचो, किरायेदार." एवढं बोलून उठले आणि नळ बंद आहे का बघायला गेले. नळ बंदच होता.

बकरी म्हणजे त्यांची मोटरसायकल. जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक घेऊन तिच्यात त्यांनी पस्तीस वर्षं हात घातला होता. सायलेन्सर उचलून वर नेलेला, मडगार्ड चाकापासून वीतभर उंच, टायर जाड गाठींचे. रस्ता सोडून दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, डोंगरावर चढायची म्हणून बकरी. अशा गाड्यांना एंड्युरो म्हणतात, हे मला मागाहून कळलं. गल्लीत काकांना कुणी नावानं हाक मारत नसे. पोस्टमनसुद्धा विचारायचा, "बकरीवाले भिया हैं क्या?" नवीन माणूस अंगणात लेंड्या शोधायचा.

वजनाचं त्यांना वेडच होतं. आरसे काढलेले, मागची सीट काढलेली, जिथं पत्रा नको तिथं भोकं पाडलेली. रविवारी निघताना खिशातली सुट्टी नाणीसुद्धा देवापाशी ठेवून जायचे. आणि टाकी कायम अर्धी. "पूर्ण भरली की पोट सुटल्यासारखी चालते," म्हणायचे. "डोंगरावर चढणाऱ्यानं भरल्या पोटी निघू नये. अर्धी टाकी, बस."

त्या अर्ध्या टाकीचा विधी शनिवारी दुपारी चालायचा. या इंजिनाला वेगळं ऑइल मिळत नाही. पेट्रोलमध्येच ते मिसळावं लागतं, नाहीतर आतलं सगळं कोरडं घासून जाम होतं. काका पंपावरून डबा भरून आणायचे आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं ऑइल मोजून त्यात टाकायचे. मोजताना ओठ हलायचे. त्या वेळी मी काही विचारलं तर डोळे वटारायचे. काकूंची औषधंही ते असेच मोजत असणार, असं माझ्या मनात यायचं.

रविवारी पहाटेच इंदूरबाहेर बेटम्याच्या बाजूला निघून जायचे आणि दुपारी धुळीनं माखून परत यायचे. मग दोन माणसांएवढं बोलायचे. कुठल्या चढावर दगड निसटला, कुठं मोर आडवा आला. सोमवारपासून पुन्हा मुके. मी एकदा विचारलं, "एकटंच कशाला जायचं? तिथंही बोलायला कुणी नाही." म्हणाले, "तिथं कुणी नसतं, बरोबर आहे. पण तिथं कुणी नसायलाच पाहिजे ना! घरात कुणी नसलं की घर खायला उठतं." माझ्या वरच्या खोलीत माझीही तीच गत होती, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

मला त्यांनीच गाडी शिकवली. "बोटं! सांगलीकर, बोटं!" असं ओरडत मैदानात मागे धावायचे. मी पडले तर आधी गाडीला लागलंय का बघायचे, मग मला. दोन महिन्यांनी मला एकटीला फेरी मारायची परवानगी मिळाली, आणि मी माती खाल्ली ती त्याच परवानगीच्या जिवावर.

मे महिन्यातला शनिवार होता. काकांचं टाकी भरणं झालं होतं. संध्याकाळी मी बकरी घेऊन बरीच लांब फिरून आले. आता माझ्या आईची शिस्त अशी की कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. शेजारणीची वाटी आली तर साखर तरी घालूनच जाणार. येताना पंप लागला आणि ती शिस्त मला आठवली. रोज स्कूटर भरते तशी ऐटीत म्हणाले, "भैया, फुल कर दो." गडी काठोकाठ भरून मोकळा झाला. ते औषधाचं झाकण, ते ऑइल, ते ओठ हलवत मोजणं, सगळं दर आठवड्याला बघणारी मी! डोंबल माझं. घरी येऊन काकांना काही बोलले नाही, म्हटलं, उद्या खूश होतील.

सकाळी मी वरून बघत होते. काकांनी गाडी स्टँडवरून काढली आणि थबकले. "आज बकरी जड वाटतेय," म्हणाले. मग आपल्याच दंडावर थाप मारली. "वय झालं, दुसरं काय." मी मनातल्या मनात हसले. त्या हसण्याची आज मला शरम वाटते.

दुपारी दोन वाजता लोडिंग रिक्षा दारात थांबली. मागे बकरी आडवी आणि तिला धरून काका बसलेले. चढावर इंजिन जाम झालं होतं. दोन बोटं क्लचवर होती म्हणून पडले नाहीत, पण तीन किलोमीटर उन्हात गाडी ढकलली. चेहरा काळाठिक्कर. रिक्षातून गाडी उतरवताना टाकीतलं पेट्रोल झाकणाशी डुचमळलं. मी काय करून बसले होते, ते त्या आवाजानं मला सांगितलं. काका गाडी भिंतीला टेकवून थेट पलंगावर आडवे झाले. रात्री ताप भरला, सलाइन लावावं लागलं, मी शलाकाताईंना फोन केला.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. "बाबा, इतक्या वर्षांत कधी नाही, मग आत्ताच कसं झालं?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "ऑइल घालायचं विसरलो."

त्या घरात 'विसरलो' हा शब्द साधा नव्हता. शलाकाताई काकांच्या पायाशी बसल्या. आईचंही असंच सुरू झालं होतं, एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एरवी माझी जीभ तलवारीसारखी चालते, कारखान्यात मला सगळे टरकून असतात. आणि तिथं मी तांब्या खाली ठेवून वर निघून गेले. उद्या सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस गेले. तेवढ्यात डॉक्टर झाले, काळजी झाली, पुण्याला जायला काकांच्या दोन बॅगा भरून झाल्या.

निघताना त्यांनी बकरीची किल्ली माझ्या हातात दिली. "पिस्टन बदलून घे. उभी ठेवू नको, उभी राहिली की खराब होते." गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "टाकी अर्धीच भरायची, सांगलीकर." ताईंना त्यात काही वाटलं नाही. मी मात्र गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवायलाही विसरले.

पिस्टन मिळायला चार महिने लागले. आता दर रविवारी सकाळी मी बकरी सुरू करते आणि फोन सायलेन्सरजवळ धरते. पुण्यात अकराव्या मजल्यावर बसून काका ऐकतात. "हवा ज्यादा होतेय. स्क्रू पाव फेरी आत घे." मी घेते. "हां, आता ठीक."

गेल्या रविवारी मी इंजिन बंद केलं आणि बोलून टाकलं. "काका, ते पेट्रोल मी भरलं होतं."

"मालूम आहे."

"कधीपासून?"

"तिथंच, चढावर. झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ. माझ्या हातून असं होईल का यार?"

"मग खोटं कशाला बोललात?" मी रडायलाच लागले होते.

"शलाकानं त्याच दिवशी तुझी खोली खाली करवली असती. राग लई आहे तिला. तू कुठं गेली असतीस? तुझं कोण आहे तिथं? मला जायला निदान पुण्यात घर होतं."

मी म्हणाले, आत्ता ताईंना फोन द्या, मी सांगते, तुम्ही परत या. तर आवाज चढवून म्हणाले, "अजिबात नाही. बापाला उगाचच घरातून उपटून आणलं, हे तिला कळलं तर ती जन्मभर रडेल. राहू दे आता." मग म्हणाले, "टाकी किती आहे?"

"अर्धी."

"बोटं?"

"क्लचवर. तुमची?"

काका हसले. "माझीपण. इथं जावईबापूंना वाटतं, संधिवात आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की दोन्ही बोटांना तेल चोळून देतात."

"अहो, मग सांगा ना त्यांना, आदत आहे म्हणून!"

"नाही सांगत," काका म्हणाले. "तेवढा वेळ कुणीतरी हात धरून बसतं ना."