अंगठ्याची जागा

विकलेली माझी बेस गिटार दोन वर्षांनी परत मिळवली आणि थेट रिपेअरवाल्या काकांकडे नेली. तिथे बसून आधी तिच्यावरचा स्टिकर नखाने खरवडला. खाली ती जागा तश्शीच! तारांच्या वर, रोज अंगठा टेकवून टेकवून मीच रंग उडवलेली. विकताना लाज वाटली म्हणून झाकली होती.

“हेही रंगवून टाकू, पोरी. एकदम नवी दिसेल.”

“नाही काका! दांडा सरळ करा, तारा बदला, पण इथे ब्रश लावायचा नाही.”

“अगं, लोक म्हणतील जुनाट आहे.”

म्हणू देत ना! जिथे आपण रोज टेकतो, तिथे झिजणारच की! एकदा लाजले, बास झालं. मी अंगठा टेकवला. बरोब्बर बसला. काकांनी रंगाचा डबा बंद केला.